गळा होता, ळ नव्हता

देवाने माझ्या मित्राला गळा दिला आणि त्या शब्दातला ळ तेवढा स्वतःपाशी ठेवून घेतला. तापीच्या दोन्ही तीरांवर असा गवई पुन्हा झाला नाही, हे मी आमच्या रनाळ्यात कोणाच्याही ओट्यावर बसून पैजेवर सांगायला तयार आहे. पण त्याला 'गळा' म्हणायला सांगा, तो 'गया' म्हणायचा. आता आमच्या अहिराणीत सगळेच असे बोलतात. डोळ्याला डोया, केळीला केयी. मीही तसाच बोलत होतो. धुळ्याला मास्तरकी शिकायला गेलो तेव्हा तिथल्या गुरुजींनी माझा ळ ठोकून ठोकून बसवला. माझ्या मित्राला कोणी ठोकले नाही, कारण तो गायला लागला की ठोकायला उचललेला हात आपोआप ताल धरायचा.

आम्ही दोघे ऐन विशीत असताना नंदुरबारला एक नाटक मंडळी मुक्कामाला आली. मालकाने याला गाताना ऐकले आणि राणीची भूमिका देऊन टाकली. युद्धाला निघालेल्या, भरघोस मिशांच्या राजपुत्राला जवळ घेऊन राणीने म्हणायचे होते, "बाळ, डोळे पूस." हा म्हणाला, "बाय, डोये पूस." नंदुरबारात कोणाला काही खटकले नाही. बाया पदराने डोये पुसत होत्या, मालकही खूश होता. मंडळी आमचा मुलूख सोडून घाटावर गेली आणि तिथे मात्र त्या मिशाळ राजपुत्राला 'बाय' म्हटल्याबरोबर सारे थिएटर खदखदून हसले. पुढचे पद कोणी ऐकलेच नाही. मालकाने त्याला दुसऱ्याच दिवशी गाडीत बसवून दिले. मी बैलगाडी घेऊन स्टेशनवर गेलो, तर हा ट्रंकेवर बसलेला. म्हणाला, "लोके हसनात रे. गानं आयकं नही, निस्तं हसनात." आणि ट्रंक बैलगाडीत चढवताना, "तू मास्तर व्हयना ना? मंग माले ते अक्षर शिकाड."

तेव्हापासून माणसाने ध्यासच घेतला. दुसरे गवई पहाटे खर्ज लावतात, हा ळ लावायचा. विहिरीवर मोट हाकताना याच्या गाण्यावर बैल डुलत डुलत मोट ओढायचे, पण मध्येच जीभ टाळूला लावून याने "ळ्ळ" केले की जागीच खिळायचे. पाण्याने भरलेली मोट अर्ध्यात लोंबकळत राहायची आणि खाली मिरच्या कोरड्या. एरवी संसारातही त्याचा कान आधी आणि डोळा मग. सारंगखेड्याच्या यात्रेत लोक घोड्याचे दात बघतात, चाल बघतात. हा प्रत्येक घोड्याजवळ कान लावून उभा राहायचा. एकदा पंचमात खिंकाळणारी घोडी सापडली म्हणून नाचत घरी आणली. तिचा मागचा पाय लंगडा आहे हे गावच्या वेशीत शिरताना कळले. वहिनी दारात येऊन शांतपणे म्हणाल्या, "आते तिन्हा पुढे तंबोरा ठेवा." त्याने खरोखरच तिच्या गव्हाणीजवळ बसून तंबोरा लावायला सुरुवात केली.

ळ येईना म्हणून तो गाणी निवडायचा, तांदळातले खडे निवडावेत तशी. हिंदुस्थानी चिजांमध्ये ळ नाही, म्हणून त्या तो मनमुराद गायचा. पण देवळात लोकांना मराठी पदे हवी असत, आणि कृष्ण म्हटला की काळा आला, सावळा आला, गोपाळ आला. याचा कृष्ण मग कायम श्याम आणि नंदलाल. फक्त त्याच्या आजोबांनी रचलेले एक पद तो सोडू शकत नसे: "माय सोडते गाय अंगणी, सावळा धरतो पाय." ते गोकुळाष्टमीला तो डोळे मिटून 'सावया' म्हणत गायचा आणि सारे देऊळ स्तब्ध व्हायचे.

आणि केस पिकल्यावर एक दिवस त्याला ळ आला! भर वर्गात शिरून "काळा! डोळा! मोळी!" म्हणत त्याने मला मिठी मारली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. पण उशिरा आलेला पाहुणा सगळ्या घरात फिरतो, तसा तो ळ त्याच्या तोंडात जागा दिसेल तिथे बसू लागला. त्या गोकुळाष्टमीला माझ्या मित्राने षड्ज लावला आणि खणखणीत गायला: "माळ सोडते गाळ अंगणी, सावळा धरतो पाळ." कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते. गाणे संपल्यावर पुढे बसलेली एक म्हातारी हळूच म्हणाली, "भाऊ, आज तू नही गाना. तुन्हा तोंडमाईन दुसरंच कोणी गाई ऱ्हायनं व्हतं."

त्याने तंबोऱ्याला गवसणी घातली ती घातलीच. घाटावरचे हसणे त्याने पचवले होते, गावची ती शांतता त्याला पचली नाही. देवळात यायचा, खांबाला टेकून बसायचा आणि टाळसुद्धा धरायचा नाही. मी नाना तऱ्हांनी विनवले. गवसणी निघाली नाही.

पुढच्या हिवाळ्यात त्याने अंथरूण धरले. कावीळ. तेव्हाही थट्टा सुटली नाही. म्हणाला, "देख मास्तर, रोग बी ळ ना उना. जे अक्षर तोंडमा टिकनं नही, ते आते आंगमा उनं." वैद्यांनी आशा सोडली तेव्हा वहिनी मला म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही सांगा त्यासले. एक डाव गावा म्हना. घर मुकं व्हई गयं शे." मी त्याच्याजवळ बसलो आणि गा म्हणालो.  त्याने लहान मुलासारखे विचारले, "ळ मा गाऊ का य मा?"

मास्तर झाल्यापासून मी शुद्ध बोलायची सवय लावून घेतली होती. ती कुठे गेली कोण जाणे. म्हणालो, "तुन्ही मायनी जसं शिकाडं, तसं गा."

तो गायला. आवाज उरला नव्हता, पण सूर जागच्या जागी होता. माय माय होती, गाय गाय होती, आणि "सावया" म्हणताना त्याचा चेहरा असा उजळला की वहिनी उंबऱ्यातच खाली बसल्या. थोड्याच दिवसांनी तो गेला.

आता आमच्या देवळात धुळ्याहून शिकून आलेला एक तरुण गातो. चांगला गातो, मी त्याला नावे ठेवत नाही. तेच पद म्हणतो, आणि ळ अगदी स्वच्छ. पण तो 'सावळा' म्हणतो तेव्हा मला समोरची मूर्ती कोणा परगावच्या देवाची वाटते. मी नमस्कार करतो, प्रसाद घेतो आणि घरी येतो. आमच्या देवाला त्याच्या नावाने हाक मारणारा आता कोणी राहिला नाही.