पाटाचे गुटके

“अर्धा नेला, मग अर्धा काऊन ठेवला? तोही ने! म्हातारीनं आता अर्ध्या पाटावर अर्धंच बसावं का?”

जिजाबाईने कापलेला पाट अंगणात आपटला. खालच्या दोन पायांपैकी एकच उरला होता, त्यामुळे तो लगेच एका बाजूला कलंडला.

“माय, हळू बोल. शेजारचे ऐकून राह्यले,” लहानू म्हणाला.

“ऐकू दे ना! त्याईलेही समजू दे, पोरानं मायच्या बुडाखालचा पाट कापला म्हणून.”

“लाकडाचा तुकडा तो. दुसरा आणून देतो.”

“दुसरा आणता येत होता, तर तुह्या गाडीसाठी दुसरंच लाकूड काऊन नाई आणलं?”

चुलीपुढे भाकरी थापणारी लहानूची बायको भागीरथा मान वर न करता म्हणाली, “मी म्हटलं होतं, मायले विचारा म्हणून.”

“कवा म्हटलं होतं तू?” लहानू तिच्यावर उखडला.

“मनात म्हटलं होतं.”

एरवी जिजाबाई हसली असती. आज हसली नाही. पदराने तोंड पुसत ती भिंतीशी गेली आणि उघड्या जमिनीवर बसली. बसताना तिचे गुडघे कडकड वाजले. ते लहानूला ऐकू यावेत अशाच बेताने ती बसली असावी.

लहानू मात्र उभाच होता. गेले दोन महिने तो घरात धड बसलाच नव्हता. जेवताना तीनदा उठे, चहा दारात उभ्याने पिई, बाजेवर टेकला की दोन मिनिटांत कूस बदलून पुन्हा उठे. “याले बसता येत नाई अन् म्हणे ड्रायव्हर,” असे जिजाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. थट्टाच असे ती, पण लहानूला ती भाजलेल्या जागेवर बोट ठेवल्यासारखी वाटे.

तो पाट घरातला एकुलता एक. रामाजीने, म्हणजे लहानूच्या बापाने, जिनिंगच्या पडलेल्या शेडमधली सागाची फळी डोक्यावर आणून तो केला होता. वीसेक वर्षे त्यावर देव बसले. मागच्या ऑक्टोबरात सगळे घर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, देव नदीत सोडले, भिंतीवर बुद्धाची तसबीर लागली. पाट आठ दिवस रिकामा पडून होता. नवव्या दिवशी जिजाबाईने तो ओल्या फडक्याने पुसला, घराच्या मधोमध मांडला आणि ताट घेऊन त्यावर बसली.

“देव उठले,” ती म्हणाली, “आता मी बसते.”

जन्मभर ती लोकांच्या अंगणात, खळ्यात, दुकानांच्या पायऱ्यांखाली उकिडवी बसली होती. साठीत तिला बसायला लाकूड मिळाले. तेव्हापासून चहा पाटावर, जेवण पाटावर, तुरीच्या शेंगा सोलणे पाटावर. पाय लांब करून बसायची आणि पाटाच्या पुढच्या कडेखाली एक चपटा दगड सारायची. “पुढून दोन बोटं उचललं की मांडीले आधार येते,” म्हणायची.

नेमके हेच लहानूच्या डोळ्यांत भरले होते.

त्याचे नाव लहानू, पण अंगाने सहा फूट. एकोणिसाव्या वर्षी फौजेत भरती झाला तेव्हा त्याला गाडी शिकवली गेली ती उंची बघूनच. आसामातल्या चिखलात तीन वर्षे त्याने ट्रक हाकले. लढाई संपल्यावर घरी आला आणि निंदणी-डवरणीच्या मजुरीला लागला. सेलूच्या किसनरावांनी लिलावात लढाईतली एक पिकअप गाडी घेतली, ती महिनाभर दुकानासमोर उभी राहिली, कारण गावात ती कोणाला चालूच करता येईना. लहानूने दुपारभरात चालू केली. तेव्हापासून सात वर्षे तेलाचे डबे, मिठाची पोती, गुळाच्या भेल्या घेऊन तो बाजारोबाजार फिरत होता. किसनरावांच्या दुकानाच्या ओट्यावर तो अजूनही चढत नसे, किल्ली खालूनच झेलायचा. पण एकदा गाडीचे दार लावून घेतले की त्या लोखंडी खोलीत तो एकटाच मालक. समोरचा रस्ता त्याचा, भोंगा त्याचा. पाटील असो की सावकार, भोंगा वाजला की बाजूला व्हायचा.

आणि आता त्याच जागेवर त्याला बसवत नव्हते. गाडीची सीट पुढून दबली होती. लांब पायांच्या माणसाच्या मांड्या त्यावर अधांतरी राहत, सगळा भार माकडहाडावर येई, आणि दीड तासात उजवा पाय कंबरेपासून झोपे. त्याने गोणपाट घातले, गोधडी घातली, जुन्या ट्यूबची गादी करून पाहिली. त्याने बूड तेवढे वर आले, डोके टपाला लागले, मांड्या लोंबत्या त्या लोंबत्याच. मग एके दिवशी त्याने आईचा तो चपटा दगड पाहिला. उचलायची ती सगळी सीट नव्हे, फक्त तिचे पुढचे दोन पाय. दोन बोटे. त्यांच्याखाली गुटके, म्हणजे लाकडाचे ठोकळे, घालायचे आणि लांब बोल्टने आवळायचे, एवढेच.

खोक्याच्या लाकडाचे गुटके एका फेरीत चेपले. बाभूळ ओली होती. जुना, मुरलेला साग पाहिजे होता. बुधवारी जिजाबाई कापूस वेचायला गेली तेव्हा लहानूने आरी आणली.

भांडण तिथेच सोडून गुरुवारी तो रोहण्याच्या बाजाराला निघाला. वर्ध्याला श्रावण मिस्त्रीकडून लांब बोल्ट घेतले, गुटक्यांना गिरमिटाने भोके पाडली आणि गाडीखाली आडवे होऊन दोन्ही गुटके बसवले.

“सीटले वर चढवून राह्यला, का सोताले?” मिस्त्री म्हणाला.

“दोघंही,” लहानू म्हणाला.

बसला आणि त्याला हसूच आले. मांड्यांना खालून कोणीतरी हात दिल्यासारखे झाले. पुलगावला उतरून त्याने उजवा पाय जमिनीवर दाणदाण आपटला. जागा होता. रोहण्याला माल उतरवला, तरी जागा. परतीला तो मोठ्याने गुणगुणत होता. आईला काय सांगायचे, कसे सांगायचे, हेही त्याने जुळवून ठेवले होते. इतक्यात एका खड्ड्यात चाक गेले, खालून काडकन आवाज आला आणि सीट उजवीकडे खचली. वाकून पाहिले तर गुटका भोकापाशी उभा चिरलेला. पुढचे सोळा मैल तो डाव्या मांडीवर लटकून आला. वर्ध्याच्या पुढे पाय पुन्हा मेला.

दिवस कलताना घरी आला तेव्हा अंगणात जिजाबाई तशीच जमिनीवर बसलेली. अर्धा पाट तिच्या शेजारी भिंतीला टेकवून ठेवला होता. लहानूने गुटक्याची दोन शकले तिच्यापुढे टाकली. रागव म्हणावे, एकदाचे मोकळे तरी होऊ, असे त्याला झाले होते.

तिने तुकडे उचलले, डोळ्यांजवळ धरले, नखाने लाकडावरची रेघ चाचपली.

“कापताना रेघ पाह्यली होती?”

“कशाची रेघ?”

“लाकडाची. रेघ आखूड ठेवली अन् मधात भोक पाडलं. फाटन नाई तं काय करन?” ती म्हणाली. “चाळीस वर्ष लाकडं फोडून राह्यली मी. कोणत्या बाजूनं फुटते अन् कोणत्या बाजूनं फुटत नाई, हे मले विचारायचं होतं. पण विचारायचंच तं नाई तुले.”

भागीरथाने चुलीवरून तवा उतरवला.

“एक गोष्ट सांग, लहान्या,” जिजाबाई म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता, आणि तोच त्याला जड गेला. “कंबर तं साऱ्याईचीच दुखते. दोन दिवस थांबला असता, मले विचारलं असतं, तं मी नाई म्हणणार होती का? एवढी घाई कायची होती?”

लहानू दारापर्यंत गेला, परत आला. बाजेवर टेकला, उठला.

“केळझरले,” तो म्हणाला.

“काय केळझरले?”

“चतुर्थीच्या दिवशी. देऊळ सुटलं होतं, उतारावर सारी गर्दी. एक बाई मधात आली, हातात टोपली. म्या ब्रेक दाबला.” तो थांबला. “म्हणजे मले वाटलं, दाबला. पाय हललाच नाई, माय. झोपला होता. हाताचा ब्रेक ओढला तवा गाडी थांबली. तिच्या टोपलीतलं नारळ गाडीखाली गेलं. तिनं वाकून काढलं, मले चार शिव्या देल्ल्या अन् गेली. तिले वाटलं, ड्रायव्हर मस्तीत आहे.”

तव्यावरची भाकरी थंड होत होती.

“म्हणून त्या दिवशी जेवले नाई तुमी,” भागीरथा हळूच म्हणाली. “मले सांगितलं, पोट बिघडलं.”

“किसनरावले सांगितलं?” जिजाबाईने विचारले.

“सांगितलं तं किल्ली दुसऱ्याच्या हातात जाईन. पुलगावचा एक जण टपूनच बसला आहे. मंग मी काय करू? पुन्हा डवरणी?”

“अन् नाई सांगितलं तं?”

लहानूने तसबिरीकडे पाहिले, मग चुलीकडे, मग स्वतःच्या उजव्या पायाकडे. तो पाय आता, गरज नसताना, मुंग्या येऊन जागा होत होता.

जिजाबाईने भिंतीला हात टेकून स्वतःला उठवले. अर्धा पाट उचलला आणि लहानूच्या हातात दिला.

“याचे गुटके काप. वीतभर लांब, रेघ लांबीनं धरून. मी खूण करून देते.”

“अन् तू कशावर बसशील?”

“गाडीत.”

“काय?”

“सोमवारी वडनेरची फेरी आहे ना तुही? मी पुढं बसते. तुह्या बाजूले.”

“माय, किसनराव काय म्हणन? त्यांच्या गाडीत पुढच्या सीटवर तू—”

“त्याच्या गाडीखाली बाई येता येता वाचली, तवा त्याले विचारलं होतं का तू?”

भागीरथा सासूकडे बघत राहिली. म्हातारी आयुष्यात कधी मोटारीत पुढे बसली नव्हती. नागपूरलाही गेली ती ट्रकच्या हौद्यात उभी राहून.

“दर मैलाच्या दगडाले मी तुह्या उजव्या मांडीले चिमटा घेईन,” जिजाबाई म्हणाली. “ओरडला, तं पाय जागा. नाई ओरडला, तं तिथंच गाडी थांबवायची अन् सेलूले येऊन किल्ली त्याच्या ओट्यावर ठेवायची. खाली उभं राहून नाई. वर चढून ठेवायची. तू नाई ठेवली तं मी ठेवीन.”

मग ती चुलीकडे वळली.

“भागीरथा, सोमवारी दोन भाकरी जास्तीच्या टाकजो. मी चालली वडनेरले.”