दव वाळल्यावर आलेले मास्तर

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस बंद झाला, आणि इकडे वऱ्हाडात भाव असे चढले की तेल्हाऱ्याला कापूस वेचणाऱ्या बाया मिळेनाशा झाल्या. तानुबाईकडच्या दोघी वेचणाऱ्याही जास्त मजुरीला शेजारच्या शिवारात गेल्या आणि तिचा निम्मा कापूस बोंडांतच राहिला. नवरा वारल्यापासून वावर तीच पाहायची. दीर खुशालराव म्हणाले होते, "वयनी, सोमवारी तुमची गाडी साफ कापूस घेऊन अकोल्याले निघाली, तं वावर तुमच्याकडं. नाई तं पुढच्या सालापासून मी वाहीन."

शुक्रवारी मोरोपंत आले. अकोल्याचे शाळामास्तर, तिच्या नवऱ्याचे स्नेही. दरसाल खेड्याची हवा खायला यायचे. खेड्यातलं साधं जिणं म्हणजे स्वर्ग, हे ते दुसरी भाकर संपेपर्यंत सांगत.

"मंग उद्या वेचाले या," तानुबाई म्हणाली. "पहाटे."

पंत पहाटे उठले खरे. पण दवानं चमकणारं वावर पाहून बांधावरच थबकले. हे तुडवायचं कसं? शिवाय ओला कापूस वेचू नये, असा शास्त्रीय विचारही त्यांनी केला. तानुबाई अलीकडून वेचत होती. पंत उन्हं तापल्यावर पलीकडच्या टोकाला शिरले. धोतराची ओटी केली, बोटं रक्ताळली, कंबर मोडली. पण दिवस मावळेपर्यंत दोन गाठोडी भरली.

तानुबाईनं गाठोडं सोडलं. पांढऱ्या कापसात वाळक्या पानांचा भुगा.

"मास्तर, दव असते तवर पान ओलं रायते, चुरत नाई. म्हणून पहाटे वेचतो आमी."

"मला वाटलं..."

"वाटू द्या. चष्मा आणला ना?"

रविवारभर पंत ओसरीत बसून कण टिपत होते. तानुबाईला न दिसणारा कचरा त्यांच्या चष्म्याला दिसत होता. खुशालराव डोकावले. "कसा काय स्वर्ग, मास्तर?"

"पाठ फार दुखते हो तिथं."

सोमवारी खुशालरावांनी भरल्या गाडीत कोपरापर्यंत हात घातला, मूठभर कापूस काढून उलटसुलट पाहिला. मग घरात जाऊन वंगण आणलं.

"चाक कुरकुरून राहिलं, वयनी. अकोला दूर आहे."

तानुबाईनं कासरा हातात घेतला. पंत कापसावर आडवे झाले. वर निळं आभाळ, खाली मऊमऊ.

"तानुबाई, काही म्हणा, खेड्यातलं जिणं..."

"मास्तर, चढ आला. उतरा, मागून हात लावा."