मावशीला न वाचून दाखवलेली ओळ

“गुरुजी, काय म्हनतं तिकडलं नवं राज?”

शाळेच्या ओट्यावर टेकण्याआधी मावशी पदराने जागा झटकायची आणि हे विचारायची. तिकडले म्हणजे पाकिस्तानातले. कोल्हारजवळच्या आमच्या गावात बाकीचे लोक मला पेपरातला पाऊस विचारत, ही इस्लामाबाद विचारायची. आम्ही हसायचो. तुम्हीही हसला असता.

तिचा एकुलता एक मुलगा एकाहत्तरच्या लढाईत रणगाड्यावर होता. लढाई संपली, हरलेला लष्करशहा तिकडे पायउतार झाला आणि निवडणूक जिंकलेला पुढारी गादीवर आला. पाठोपाठ फौजेचे इंग्रजी पत्र आले. गावात इंग्रजी वाचणारा मी एकटा. मुलगा बेपत्ता आहे, एवढे मी वाचून दाखवले. पुढची ओळ अशी होती, की रणगाडा पेटताना साथीदारांनी पाहिला, आतून कोणी बाहेर आले नाही. ती मी गिळली. मावशीचा चेहरा बघून म्हणालो, “कैदेत असेल. नवं सरकार सोडेल त्याला.”

उद्या खरे सांगू, असे ठरवले होते. आज पन्नास वर्षांनी सांगतो आहे, तेही तुम्हाला.

बहात्तरच्या दुष्काळात ती सरकारी कामावर खडी फोडायची. तिथे मिळणारी सुकडी अर्धीच खायची, उरलेली मुलासाठी डब्यात. “तिकडं त्याला कोन करून घालतंय?” दोन्ही देशांची बोलणी अडली, की त्या नव्या पुढाऱ्यालाच सुनवायची, “मेल्या, तुलाबी आय आसंल की.” करार झाला तेव्हा तिने साऱ्या शाळेला गूळ वाटला. त्या दिवसांत कुठून आणला, कोण जाणे.

वर्ष सरताना आपले कैदी सुटून वाघा सरहद्दीवर आले. ती बातमी तिने माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. मग माझ्याकडे बघत राहिली.

“तुमी काई लपवत न्हाई ना, गुरुजी?”

ओळ ओठांवर आली होती. मी म्हणालो, “पुढच्या खेपेला सुटेल.”

“मंग मी हितं बसून काय करू?”

सरहद्दीवर जाऊन उभी राहीन म्हणाली. तिला थांबवायचे तर खरे सांगावे लागले असते. मनमाडला गाडी कशी बदलायची, ते मी कागदावर लिहून दिले.

एस.टी.च्या खिडकीतून तिने डोके बाहेर काढले. गालांची हाडे वर आली होती.

“लई वाळलेय मी. वळखंल ना त्यो मला?”

“ओळखेल,” मी म्हणालो. गाडी सुटली.

मावशी परत आली नाही. मी शोधायला गेलो नाही.