जीपचं घोसाळं

दवाखान्याच्या जीपचा हवेचा डबा धानोऱ्याच्या वाटेवर तुटून पडला, तेव्हा मी मागे बसून ड्रायव्हरचाचांशी भांडत होते. बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांतून जीप हळू चालवा, असं माझं म्हणणं होतं. हळू चालवली तर अडकते, असं त्यांचं. तेवढ्यात गंजलेली पट्टी तुटली, डबा इंजिनाच्या बाजूने खाली घरंगळला आणि आमच्याच मागच्या चाकाखाली येऊन पापडासारखा चपटा झाला.

चाचांनी तो उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "तुमी बोलून राह्यल्या होत्या ना बाई, म्हणून माहं ध्यान गेलं."

म्हणजे डबा गंजला तोही माझ्या बोलण्यामुळेच!

मी तेव्हा नुकतीच गडचिरोलीच्या दवाखान्यात नर्स म्हणून आले होते. मूळची वर्ध्याची, वय सव्वीस आणि तोंड फटकळ. चाचा चांद्याचे, पन्नाशीचे, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांपासून गाड्या चालवत आलेले. जीपही लढाईतलीच, लष्कराने काढून टाकलेली. बाळंतपणासाठी कुठून निरोप आला की आम्ही दोघं त्या जीपने निघायचो आणि पोचेपर्यंत भांडायचो. मला त्यांच्याशिवाय कोणाशी भांडायला आवडत नसे.

तो डबा म्हणजे इंजिनाचं नाक. गाडी त्यातून श्वास घेते, आणि आतल्या तेलात धूळ चिकटून राहते. दिवाळीनंतर आमच्याकडचे रस्ते पिठासारखे होतात. डब्याशिवाय गाडी पळवली तर ती धूळ थेट इंजिनात जाते आणि वर्षाच्या आत इंजिन खलास, असं चाचांनी मला बजावलं. नवा डबा नागपूरहून मागवला. "मागणी पुढे पाठवली आहे," असं उत्तर आलं. पुढे म्हणजे कुठे, ते काही त्यात नव्हतं.

त्यापाठोपाठ दुसरं पत्र आलं. चांद्याचे मोठे डॉक्टरसाहेब मार्गशीर्षात जीप पाहायला येणार होते. ठीक असली तर राहील, नाहीतर चांद्याला परत. जीप गेली की मी पुन्हा बैलगाडीत, आणि चाचा चांद्याच्या कचेरीत शिपाई, साहेबांच्या दाराबाहेरच्या स्टुलावर. पत्र मीच त्यांना वाचून दाखवलं. स्टुलाचं वाक्य आलं. खिशातून फडकं काढून त्यांनी जीपची काच पुसली. ती आधीच स्वच्छ होती.

मग आम्ही नाक शोधायला लागलो.

पहिली निवड चाचांची. चांद्याच्या भंगारबाजारातून त्यांनी एका लष्करी ट्रकचा डबा आणला. तो दुधाच्या कॅनएवढा होता. बसवला, पण जीपचं इंजिनावरचं झाकण लागेना. चाचांनी ते दोरीने बांधलं आणि आम्ही चामोर्शीच्या रस्त्याला लागलो. दोन मैलांवर खड्डा आला, दोरी तुटली आणि झाकण उघडून काचेवर आदळलं. समोरचं काही दिसेना. चाचांनी ब्रेक मारला तेव्हा आम्ही एका धानाच्या बांधीत उभे होतो आणि कापणीच्या बाया विळे टाकून हसत होत्या.

"डबा मजबूत हाय," चाचा म्हणाले.

"डबा आहे हो. जीपच त्याला लहान पडते!"

दुसरी निवड माझी. मी नर्स, मला गाळणं म्हणजे काय ते चाचांपेक्षा जास्त कळतं, असा माझा समज. दूध पावडरीचा रिकामा डबा घेतला, बोहरी लोहाराकडून त्याला कथलाचा डाग देऊन नळी जोडून घेतली आणि आत गॉझ व कापूस असा घट्ट भरला, की जखमेवर बांधला असता तर रक्ताचा थेंब बाहेर आला नसता. परीक्षाही मीच ठरवली. डब्यामागच्या नळीवर गॉझची एक पांढरी घडी बांधायची, ठरलेल्या आंब्यापर्यंत जाऊन यायचं आणि घडी धुळीने किती लाल झाली ते पाहायचं.

घडी पांढरीशुभ्र राहिली. कारण आंब्यापर्यंत आम्ही पोचलोच नाही. पहिल्याच चढावर इंजिन धापा टाकायला लागलं आणि गप्प झालं. हवाच आत जाईना.

चाचांनी डबा उघडून माझा कापूस बाहेर ओढला. "बाई, इंजिन हाय थे, बाळंतीण नाई. इतकं बांधून ठेवसान तं मरन ना थे!"

मला राग आला, आणि खरं होतं म्हणून जास्तच आला.

तिसरी निवड न्हाणीत सापडली. हात घासता घासता माझ्या हातातल्या वाळलेल्या घोसाळ्याकडे लक्ष गेलं. आत नुसती जाळी. हवेला वाट आहे, पण सरळ वाट कुठेच नाही. मी ओल्या हातांनीच ते घेऊन चाचांकडे गेले. त्यांनी ते डोळ्याला लावलं, फुंकर मारून पाहिली आणि बराच वेळ कारण शोधूनही त्यांना नाही म्हणता येईना.

"तेल पायजे पण," ते म्हणाले. "कोरड्याले धूळ चिपकत नाई."

इंजिनचं तेल जेमतेम इंजिनापुरतं होतं. घाणीवर मोहाच्या बियांचं तेल मिळायचं. मीच म्हटलं, ते आणा. आम्ही तीन घोसाळी त्यात बुडवली, निथळली आणि दूध पावडरीच्याच डब्यात बसवली. आंब्यापर्यंत गेलो, आलो. इंजिन मांजरासारखं गुरगुरत होतं आणि गॉझची घडी जवळजवळ पांढरी. घोसाळी मात्र लालभडक. चाचांनी स्वतःच्या खर्चाने मला चहा पाजला. हा प्रसंग मी तारखेसकट लिहून ठेवायला हवा होता.

मोहाचं तेल थंडीत थिजतं. हे आमच्या भागातलं शेंबडं पोरही जाणतं. बाटली उन्हात ठेवल्याशिवाय दिवाबत्तीलासुद्धा ते निघत नाही. चाचांना ते माहीत होतं, मलाही एव्हाना झालं होतं. पण बाटलीतलं तेल थिजतं म्हणजे डब्यातलंही थिजेल, एवढा साधा विचार दोघांच्याही डोक्यात आला नाही. भांडायला वेळ होता, विचार करायला नव्हता.

साहेब यायच्या दिवशी सकाळी कडाक्याची थंडी होती. चाचांनी जीपला हॅन्डल मारलं. एकदा, दोनदा, दहादा. ती खोकायची आणि बसायची. डबा उघडला तर घोसाळ्यांच्या जाळीत तेल लोण्यासारखं गोठलेलं. सगळी भोकं बंद. साहेबांची गाडी तासाभरात येणार होती. चाचा कपाळावर हात मारून घ्यायचेही विसरले. ते नुसते उभे राहिले, आणि त्यांचा चेहरा पाहून मला पहिल्यांदा भीती वाटली.

वॉर्डात एक पहिलटकरीण होती, दोन दिवसांची ओली बाळंतीण. तिच्या बाजेखाली शेकाची शेगडी पेटलेली, वर ओवा टाकलेला. मी चाचांच्या हातून डबा हिसकला, आत गेले आणि बाजेशेजारी बसून शेगडीवर धरला.

"बाई, हे काय करून राह्यल्या?" बाळंतिणीने विचारलं.

"हिलाही शेक हवाय."

ती इतकी हसली की बाळ जागं झालं. दाराबाहेरून चाचा ओरडत होते, "पलटी मारा! दुसऱ्या बाजूनंबी शेका!" इंजिन म्हणजे बाळंतीण नाही म्हणणारे ते हेच चाचा.

साहेब आले तेव्हा जीप सुरू होती. ते आत बसले, मी मागे. बारा मैल गेलो, बारा मैल आलो. वाटेत साहेबांनी दोनदा नाक वर करून हुंगलं. "ओव्याचा वास कुठून येतो?" मी म्हटलं, माझ्या लुगड्याला असेल.

परत आल्यावर त्यांनी झाकण उघडायला लावलं. दूध पावडरीच्या डब्याकडे पाहिलं. तो उघडून आतलं घोसाळं दोन बोटांनी वर काढलं. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"सरकारी गाडीत हे कोणी घातलं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात चाचा एक पाऊल पुढे झाले. "मी घातलं साहेब. सगळं मीच केलं. बाईले काई मालूम नाई."

साहेबांनी रुमाल काढून नळीच्या आत फिरवला. रुमाल स्वच्छ निघाला. त्यांनी तो दोनदा उलटसुलट पाहिला आणि मग चक्क हसले. चाचांच्या पाठीवर थाप मारली. जीप इथेच राहील, म्हणाले. असा हुशार ड्रायव्हर जिल्ह्यात दुसरा नसेल, असंही म्हणाले.

त्यांची गाडी वळणाआड जाईपर्यंत मी दम धरला. मग सुटलेच. "आयत्या बिळावर नागोबा! घोसाळं माझं, तेल माझं, शेगडी मी धरली, आणि बाईले काई मालूम नाई?"

चाचांनी खिशातून तेच फडकं काढलं आणि काच पुसायला घेतली.

"साहेबानं इचारलं तवा तुमी त्याच्या तोंडाकडे पाह्यलं का बाई? मले वाटलं, आता सजा भेटते. तुमची नौकरी नवी हाय." ते थांबले. "माहं काय. स्टूल तं स्टूल."

मला माझी लाज वाटली आणि डोळे भरून आले. ते त्यांना दिसू नयेत म्हणून मी घाईने घोसाळं उचललं. आभार मानायची आम्हाला सवय नव्हती. शेवटी जे येत होतं तेच केलं, आवाज चढवला.

"उद्या सकाळी शेगडी तुम्हीच पेटवायची. मी उठणार नाही."

"पेटवतो ना," चाचा म्हणाले. "ओवा तेवढा काढून ठिवा."