लाद्याच्या पानावरची बावीस मिनिटं

मागच्या वर्षी याच दिवशी मी डॉक्टरांशी खोटं बोललो.

देविदासदादा तेव्हा समोर स्ट्रेचरवर होता.

ज्यांना दादा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तो राजूरला राहायचा, कोळशाचा ट्रक चालवायचा. रविवारी दुपारी त्याच्या घरी आम्ही तिघं एक खेळ खेळायचो. दादा, रोशन आणि मी.

पुण्यात कामाला असताना दादा तो शिकून आला होता. त्यात बोर्ड नाही, सोंगट्या नाहीत. दादा गोष्ट सांगणार, आम्ही दोघं त्या गोष्टीतले लढवय्ये. आपण काय करतो ते बोलायचं आणि वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर जमलं.

राक्षस आणि जनावरं सगळी दादाच्या डोक्यातली. ती रजिस्टरमध्ये उतरवायचं काम माझं. उंची, ताकद, किती घाव सोसतो, कशाने मरतो. प्रत्येक चालीची वेळही मी लिहायचो, कारण आपल्याला विचार करायला कमी वेळ मिळतो अशी रोशनची कायमची तक्रार.

"बारावी सोडली यानं, पण वेलांटी नाही सोडत," दादा हसायचा.

त्या रविवारी दादाने लाद्या आणला.

दादाचे पूर्वज तांड्याबरोबर बैलांवर मीठ लादून गावोगाव फिरायचे. लाद्या हा त्यातलाच एक हरवलेला बैल. त्याच्या पाठीवरच्या गोण्या कोणी उतरवल्याच नाहीत. कातडी गोण्यांवरून वाढत गेली, आणि आता तो घराएवढा झालाय.

तो शिंगं मारत नाही. जवळ येतो आणि आपलं ओझं तुमच्या अंगावर टाकतो.

"ते ओझं दिसत नाही," दादा म्हणाला. "लागते फक्त."

रोशनने फासा टाकला. तीन.

"आला तुह्याजवळ," दादा म्हणाला. मग थांबला.

"छातीवर ठेवलं त्यानं."

मी लिहिलं. ४.१०.

"माह्याच छातीवर कायले?" रोशन म्हणाला. "याच्याही ठेव ना थोडं."

दादा हसला नाही. हात चोळत होता.

"हात जड झाला."

मी विचारलं, "कोणता, दादा? डावा का उजवा? लिहा लागते."

हे मी विचारलं.

"डावा."

मी 'डावा' लिहिलं.

त्याच्या कपाळावरून घाम निघाला आणि नाकावर आला. रोशनने टाळी वाजवली. "काय ॲक्टिंग करून राह्यला दादा! तुले तर सिनेमात घ्या लागते."

एरवी दादा उठून, वाकून, खोलीभर फिरून जनावर करून दाखवायचा. त्या दिवशी जागेवरून हलला नाही. मला ते खटकलं. मी लिहिलं, 'बसून हल्ला करतो.'

मग दादा हळूच म्हणाला, "याडी..."

त्यांच्या घरी बंजाऱ्यांची गोरबोली बोलतात. याडी म्हणजे आई. हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"बैल मायले बोलावून राह्यला!" रोशन म्हणाला.

मीही हसलो.

रोशनने पुन्हा फासा टाकला. अठरा. वार लागायलाच हवा होता. दादाने लागला म्हटलं नाही, हुकला म्हटलं नाही. डोळे मिटून मान हलवत होता.

आमचा नियम होता, दादा निकाल देईपर्यंत कोणी बोलायचं नाही.

आम्ही नियम पाळत बसलो.

वैशालीवहिनी चहा घेऊन आल्या. त्यांना खेळातलं काही कळत नाही. त्यांनी दारातूनच दादाकडे एकदा पाहिलं आणि ट्रे तिथेच जमिनीवर ठेवला.

"रोशन, गाडी काढ."

"वहिनी, खेळ सुरू..."

"काढ म्हणते ना!"

मी सवयीने वेळ लिहिली. ४.३२.

वणीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "त्रास सुरू होऊन किती वेळ झाला?"

रोशन माझ्याकडे पाहायला लागला. वहिनीही. मिनिटासकट उत्तर देऊ शकेल असा तिथे मी एकटाच होतो. रजिस्टर माझ्या काखेत होतं. ते बरोबर का घेतलं, मला सांगता येत नाही.

मी म्हणालो, "घरून निघायच्या आधी पाच मिनिटं."

"नक्की?"

"नक्की."

साडेसहाला दादा गेला.

खरं सांगितलं असतं तर फरक पडला असता का, हे मी वर्षभरात कोणालाच विचारलं नाही. दोनदा एका डॉक्टरांच्या दारापर्यंत जाऊन परत आलो.

पण वहिनींना माहीत नसताना हे इथे लिहिणं बरोबर नव्हतं. म्हणून आज सकाळी राजूरला गेलो. त्या भाजी निवडत होत्या. मी लाद्याचं पान वाचून दाखवलं, वेळेसकट. डावा हात, याडी, आमचं हसणं, सगळं. मग डॉक्टरांना काय सांगितलं तेही.

मला वाटलं, उठून जायला सांगतील.

वहिनी भाजीकडेच बघत होत्या.

"मले आवाज येत होता," त्या म्हणाल्या. "याडी म्हणाले ना ते? मी सैपाकघरातून ऐकलं."

मी रजिस्टर मिटलं.

"मले वाटलं, तुमचाच खेळ. गॅसवर चहा होता. म्हटलं, उतू जाईन. म्हणून उभी राह्यली तिथंच."

एवढं बोलून त्यांनी पदराने डोळे पुसले. त्यांनी हे कोणालाच सांगितलं नव्हतं. सासूबाईंनाही नाही.

मी विचारलं, "वहिनी, मी फेसबुकवर लिहू का हे? नाही म्हणाल तर नाही लिहीत."

"लिही. माह्यंही लिही."

मी चप्पल घालत होतो तेव्हा त्या आतूनच म्हणाल्या, "अन् पाच नको लिहू आता."

नाही लिहिलं, वहिनी.

दादा, तू बावीस मिनिटं आमच्यासमोर एकटा होतास.

रामराम.