शिळ्या सणाची टोपली

आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. रायगडाकडची तीन घरं पोटासाठी रत्नागिरीत आली आणि बंदराजवळच्या एका चाळीत शेजारी झाली. सुबत्ता तिन्ही घरांत सारखीच, म्हणजे नव्हतीच.

दारफाळणीच्या उपासाला आम्ही दिवसभर दारं लावून बसतो. दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी गरिबाला दान द्यायचं, नाहीतर उपास पुरा झाल्यासारखा वाटत नाही. पण गरीब आणायचा कुठून? आमच्यात स्वतःला गरीब म्हणवून घ्यायला एकजण तयार असेल तर शपथ!

मी कॉलेजात होते त्या वर्षी शेजारची शिवणकाम करणारी मावशी खरोखर अडली होती. मशीन बिघडलेलं, गॅस संपलेला. उपास तिने नुसतं पाणी पिऊन सोडला, हे आईला कळलं आणि तिला चैन पडेना. मावशी मात्र महामानी.

आईने तांदळाची टोपली देऊन मला पिटाळलं. मावशी म्हणाली, "पलीकडच्या काकीला दे, तिला गरज आहे." काकी भडकली. "मी काय भिकारीण?" तिने वर नारळ ठेवून टोपली आईकडे धाडली. आईने केळी चढवली आणि मी पुन्हा मावशीच्या दारात. समोरच्या चाचीने गॅलरीतून विचारलं, "टोपलीला हवा खायला फिरवतेस काय गो?" मला हसू आवरेना.

शेवटी आईच टोपली घेऊन गेली. "अगो बाय, माझा उपास फुकट जाईल. आजच्या दिवस गरीब हो ना!"

मावशी फिस्सकन हसली. काकी हसली, चाची हसली, मी तर पोट धरून खालीच बसले. हसू ओसरल्यावर मावशी म्हणाली,

"घेते. पण मग मी कोणाला देऊ? उपास मीपण केलाय."

आमची आई मीठ संपलं तरी शेजारी मागायची नाही. तिने तिथेच, सगळ्या चाळीदेखत, मावशीपुढे पदर पसरला. "मला दे," म्हणाली.

मावशी आत गेली, डब्याचा तळ खरवडल्याचा आवाज आला. मूठभर तांदूळ आणून तिने आईच्या पदरात टाकले. मग टोपली उचलली आणि घरात नेली.