उजवीकडून लिहिणारे वकीलसाहेब

आमच्या वकीलसाहेबांइतका सरळ माणूस अमरावतीच्या कोर्टात दुसरा नव्हता, आणि त्यांच्या लिहिण्याइतकी उलटी गोष्टही दुसरी नव्हती. घराणं भिक्षुकी करणाऱ्या ब्राह्मणाचं, पण जन्म निजामाच्या मुलखातला, परभणीकडचा. शाळेपासून वकिलीपर्यंत सगळं उर्दूत शिकलेले. मराठी अस्खलित बोलत, मात्र हातात लेखणी आली की ती उजवीकडूनच धावायची. उलटतपासणीची टिपणं उर्दूत, वाण्याची यादी उर्दूत. वडिलांच्या श्राद्धाचा संकल्पही त्यांनी उर्दूत उतरवून ठेवला होता आणि भटजींपुढे तो खणखणीत वाचत. घरी काकूंना, म्हणजे साहेबांच्या पत्नीला, ती लिपी येत नसे, म्हणून यादी घेऊन साहेबांनाच बाजारात जावं लागे, आणि तिथे गेल्यावर स्वतःचं अक्षर त्यांनाही लागत नसे. मग 'बहुधा जिरं' असं म्हणून ते काहीतरी घेऊन येत.

मी त्यांचा ज्युनियर. त्यांचं दुसरं वेड बुद्धिबळाचं. अकोल्याचे एक जिल्दसाज त्यांची कायद्याची पुस्तकं बांधून देत. जाड चष्म्याचे, हळू बोलणारे मुसलमान गृहस्थ, तीन पिढ्या अकोल्यातच गेलेल्या. दोघांचा डाव पोस्टकार्डावर चाले, एका कार्डाला एक खेळी. एक डाव दीड वर्ष चालला होता. पट ऑफिसच्या फळीवर मांडलेला असे आणि तिथे फायली ठेवायची कोणाची छाती नव्हती. एकदा साहेब खटला जिंकून पडक्या चेहऱ्याने बाहेर आले तेव्हा पक्षकार घाबरून रडायलाच लागला. साहेबांचा घोडा मरणार होता, एवढंच.

पासष्टची लढाई सुरू झाली आणि रोज नवी अफवा उठू लागली. छत्रीवाले सैनिक उतरलेत, घातपाती लोक रेल्वेचा पूल उडवणार आहेत. उर्दूतला कागद दिसला की लोक कुजबुजत. अशात अकोल्याहून जिल्दसाजांच्या मुलाची तार आली. पोलीस वडिलांना घेऊन गेले होते, सोबत कार्डांचा गठ्ठाही. 'प्यादी पुढे सरकवली आहेत. किल्ला सांभाळा. लवकरच वजीर बाहेर काढतो.' त्यातल्या एका कार्डावरचा हा मजकूर साहेबांच्या हातचा होता.

साहेबांनी पट आणि जिल्दसाजांकडून आलेली कार्डं पिशवीत घातली आणि आम्ही बडनेऱ्याहून गाडी पकडली. ठाण्यात फौजदाराने खुर्ची दिली, चहा मागवला. साहेबांनी चहाला हात लावला नाही. पत्रं मी लिहिली आहेत, तेव्हा मला आत घ्या, असं त्यांनी सांगितलं. फौजदार हसला. "साहेब, तुमच्यावर कोण संशय घेईल? नाव ऐकलं की माणूस कळतो."

"अक्षर माझं, भाषा माझी, मजकूर माझा," साहेब म्हणाले. "मग त्याचा गुन्हा काय, नाव?"

उत्तराची वाट न पाहता त्यांनी फौजदाराच्या टेबलावर पट मांडला आणि एकेक कार्ड मोठ्याने वाचून खेळी करू लागले. तासाभरात दोन शिपाई येऊन उभे राहिले. दुपारपर्यंत त्यांचे दोन पक्ष पडले होते, आणि एकाने तर साहेबांना उंट चुकीचा हलवल्याबद्दल टोकलं. संध्याकाळी जिल्दसाजांना सोडलं. आत जाऊन त्यांना तीन दिवस झाले होते.

ते बाहेर आले तेव्हा चष्म्याची एक काच नव्हती. त्यांनीच सांगितलं, "मले पोलिसायचा राग नाही आला. आमच्या गल्लीतले लोक उभे राहून पाहून राहिले होते. तीस वर्षं त्यायच्या पोरायची पुस्तकं बांधली मी. कोणी एक शब्द बोललं नाही."

साहेब टांगा बघायला गेले. तेवढ्यात मी जिल्दसाजांना म्हणालो, काही दिवस मराठीतच लिहा, उगाच कशाला विषाची परीक्षा? मला वाटलं, मी त्यांच्या भल्याचंच सांगतोय.

त्यांनी माझ्याकडे एका काचेतून पाहिलं. "तुमालेही तसंच वाटते का?"

मी काहीतरी पुटपुटलो. टांगा आला.

पंधरा दिवसांनी कार्ड आलं. देवनागरीत, पहिलीतल्या पोराने काढावी तशी सुटी सुटी अक्षरं. 'डाव सोडतो. तब्येत बरी नसते. राग मानू नये.'

साहेबांनी कार्ड उलटून पालटून पाहिलं. त्याला मराठी लिहिता येतं हे आपल्याला ठाऊकच नव्हतं, म्हणाले. मग त्यांनी उत्तर लिहिलं, नेहमीसारखं उर्दूत. नंतरही कितीतरी कार्डं लिहिली. स्वतः दोनदा अकोल्याला जाऊन आले. जिल्दसाजांनी चहा पाजला, तब्येत विचारली, आणि बुद्धिबळाचा विषय निघताच उठून कामाला लागले.

पुढे साहेब थकले, कोर्टात येईनासे झाले. मी भेटायला जाई तेव्हा ते पलंगावर उशीला टेकून बसलेले असत. बोलता बोलता मध्येच थांबत आणि विचारत, "आपण तर त्याला सोडवून आणलं होतं ना रे?"

मी हो म्हणत असे.